कमी कराचं गाव

घरात किती माणसं राहणार, असं घर दाखवणाऱ्या मिसेस हिचन्सनी सहज विचारलं, आणि एडमंड म्हणाला, "एक."

त्याची बायको लॉरेटा तेव्हा त्या नमुन्याच्या घराच्या स्वयंपाकघरात उभी होती. हात धुवायचे नव्हते, तरी नळ सोडून ती पाण्याची धार बघत होती. ओट्यावर काचेच्या भांड्यात प्लास्टिकची लिंबं ठेवली होती आणि गिऱ्हाइकाला घर आवडावं म्हणून कुठूनतरी व्हॅनिलाचा वास सोडलेला होता. 'एक' हा शब्द तिने पाण्याच्या आवाजातून ऐकला. टाकीत तेल किती आहे असं विचारल्यावर तो बोटीवर जसं सांगत असेल तसं त्याने ते सांगितलं होतं, ना वाकडं ना तिखट, नुसती खरी बातमी. मिसेस हिचन्स हसल्या. म्हणाल्या, आणि तुम्ही कुठे झोपणार मिस्टर मझुरेक, गाडीत? मग एडमंडही हसला, पण उशिरा. "दोन, दोनच की," असं म्हणून तो खोकला आणि गरम पाण्याची टाकी कुठे बसवलीय ते बघायला आतल्या बाजूला गेला. लॉरेटाने नळ बंद केला. मिसेस हिचन्स तिच्याकडे वळून कपाटांची दारं किती हळू मिटतात ते दाखवू लागल्या. दार सोडलं की ते आपोआप, आवाज न करता मिटत होतं. ते दोन-तीनदा बघून लॉरेटाला बसावंसं वाटलं. पण त्या घरातल्या खुर्च्या बसायच्या नव्हत्या.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते असं की हा मला सोडून जाणार आहे. बहात्तराव्या वर्षी, गुडघे धरून जिना उतरणारा, रविवारी चर्चमध्ये पेंगणारा एडमंड बायको सोडून डेलावेअरमध्ये एकटा राहायला येणार, हे हसण्यासारखं होतं, पण तिला हसू आलं नाही, कारण त्यामागोमाग तिला जिन्यावरची ती दुपार आठवली. चाळीस वर्षं एडमंड मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर इंजिन सांभाळायचा. दोन आठवडे पाण्यावर, दोन आठवडे घरी. लग्न म्हणजे तेच, अर्धं भरलेलं आणि अर्धं रिकामं, आणि रिकाम्या अर्ध्यात तिने आपलं आयुष्य बेतून घेतलं होतं. बेकरीतली नोकरी, गल्लीच्या टोकाला राहणारी बहीण बर्नी, शुक्रवारी केस करून घेणं, रेडिओ हवा तेवढा मोठा. तो निवृत्त होऊन कायमचा घरी आला तेव्हा घर अचानक अपुरं पडलं. तो दिसेल ती वस्तू दुरुस्त करायचा. चांगली चाललेली वस्तूही खोलून बघायचा. एकदा बर्नीला फोनवर ती म्हणाली होती, बोटीवर होता तेच बरं होतं. फोन ठेवून वळली तर जिन्यात तो उभा, हातात पाना. तो तसाच वळला. खाली भाडेकरूचा नळ दुरुस्त करायला गेला. तिने पुढे कितीदा तरी ठरवलं होतं की एकदा सांगून टाकावं, तसं काही नव्हतं रे, बायका बोलतात तसं. सांगायचं राहून गेलं. आता त्या व्हॅनिलाच्या वासात तिला वाटलं, त्याने ते वाक्य जपून ठेवलं आणि त्याला साजेसं घर शोधत आणलं मला इथपर्यंत.

पण तसं म्हणावं तर पुढचं जुळत नव्हतं. एकट्याला राहायचं असतं तर त्याने तिला बरोबर कशाला आणलं असतं? गेल्या शरद ऋतूपासून हे सगळं सुरू झालं होतं. ते राहायचे त्या न्यू जर्सीतल्या बेयॉन शहराने सगळ्या घरांच्या किमती नव्याने लावल्या, आणि त्यांच्या दुमजली अरुंद घराचा कर एका वर्षात असा वाढला की चर्चनंतर कॉफी घेताना म्हातारे त्याच्याशिवाय दुसरं बोलेनात. जो तो कुठेतरी जाणार होता. कुणी म्हणे पेन्सिल्व्हेनियात पेन्शनवर काही घेत नाहीत, कुणी म्हणे पण शाळांचा कर घेतात, ते बघ आधी. कुणाचा मेव्हणा साउथ कॅरोलायनात गेला होता आणि तिथे पासष्टी उलटलेल्यांना घराच्या किमतीतला एक तुकडा माफ होता. एडमंड इतकी वर्षं त्या टेबलाशी बसून नुसता केक खायचा. न्यू जर्सीतही म्हाताऱ्यांचा कर गोठवायची सोय आहे, आधी सगळा भरायचा आणि वाढीव तेवढा नंतर परत, हे दुसऱ्याने सांगितलं तरी तो मान हलवायचा आणि विसरायचा. आणि अचानक त्या शरदात तो त्या विषयातला माहीतगार झाला. कागदावर काही लिहायचा नाही, इंजिनचा माणूस, सगळं डोक्यात. जेवताना मध्येच म्हणायचा, डेलावेअरमध्ये दुकानात कर लागत नाही, घराचा तर इथल्या मानाने काहीच नाही. बर्नी म्हणाली होती, तुझा नवरा कर वाचतो म्हणून चंद्रावरसुद्धा घर घेईल, आणि तुला सांगेल बघ, बर्फ काढायला लागत नाही. दोघी खूप हसल्या होत्या. लॉरेटाला त्याचा राग यायचा. जन्मभर पाण्यावर राहिलेल्या माणसाला आता तिची गल्ली, तिची बेकरी, तिचं चर्च सोडायला लावायचं होतं, आणि कशासाठी, तर करासाठी. त्यावरून हिवाळाभर त्यांची धुसफूस चालली होती. ती म्हणे तू कवडीचुंबक झालास. तो म्हणे असेन.

आतल्या खोलीतून त्याचा खोकला ऐकू येत होता. मिसेस हिचन्स विचारत होत्या, तुम्ही बागकाम करता का. लॉरेटा हो म्हणाली, नाही म्हणाली, तिला आठवत नाही. तिला सकाळची गोष्ट आठवली. इथे येण्याआधी ते दोघं जॉर्जटाउनला जिल्ह्याच्या कचेरीत गेले होते. खिडकीपलीकडच्या मुलीने गोड बोलून सगळं सांगितलं होतं. म्हाताऱ्यांना शाळेच्या करात सूट आहे, पण बाहेरून नव्याने आलेल्यांना लगेच नाही. राज्यात सलग दहा वर्षं राहायला हवं. लॉरेटाला आतून जरा आनंदच झाला होता. तिला वाटलं, आता हा चिडेल, म्हणेल चल घरी, सुटलो. पण एडमंड चिडला नाही. तो खिडकीच्या कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून मनात हिशेब करत म्हणाला, म्हणजे आत्ता आली तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिला मिळेल. मुलगी म्हणाली, हो, मिळेल. आणि ते झालं की मग तिला पुढे सोपं जाईल, असं तो म्हणाला. तिला. त्या वेळी लॉरेटाच्या कानांवरून ते गेलं होतं. आता ते परत आलं आणि त्याच्या मागून त्याची बाकीची सगळी वाक्यं यायला लागली, एकामागून एक, जशी धुक्यातून बोटी येतात. बर्फ कोण काढतं, वसाहतीची माणसं काढतात का, असं तो जिथे तिथे विचारायचा. जिना आहे का. न्हाणीघरात धरायला दांडा बसवता येतो का. चर्चला जाणारी गाडी दारातून नेते का, कारण रात्रीची गाडी चालवता येत नाही. एडमंडला रात्री गाडी चालवायला आवडायचं. रात्री गाडी लॉरेटाला चालवता येत नव्हती, समोरचे दिवे तिच्या डोळ्यांत फुटायचे. शेजारी कोण, एकट्या बायका आहेत का या रस्त्यावर. आणि प्रत्येक कचेरीत, अगदी शेवटी, उठता उठता, जणू आत्ताच सुचलं असं दाखवून तो विचारायचा की नवराबायकोपैकी एक गेलं तर मागे राहिलेल्याची सवलत चालू राहते ना.

तिला वाटायचं तो आपल्या दोघांसाठी घर शोधतोय आणि चिक्कूपणा करतोय. ते घर एका बाईसाठी शोधलं जात होतं. त्या बाईला जिना नको होता, तिला रात्रीची गाडी चालवता येत नव्हती, तिला मूलबाळ नव्हतं, तिच्या हाती अर्धीच पेन्शन येणार होती, आणि तिचा नवरा वारलेला होता.

मिसेस हिचन्सना तिने सांगितलं की बरं वाटत नाहीये, परत येऊ. एडमंड बाहेर आला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला जे गेले कित्येक महिने रोज दिसत होतं ते दिसलं. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. बेकरीत तिने आयुष्यभर लोकांची तोंडं वाचली होती, कोण आजारी आहे, कोणाच्या घरी भांडण झालंय, कोणाला उधार हवंय, ती ब्रेड कापता कापता ओळखायची. तिच्याच टेबलाशी बसलेला माणूस वितळत चालला होता आणि ती त्याला कवडीचुंबक म्हणत होती.

तो गाडी चालवत लुईसला आला. घरी परतताना खाडीपलीकडे केप मेला नेणारी फेरीबोट तिथून घ्यायची होती, आणि नसती घ्यायची तरी तो तिथे आला असता, बोटी बघायला. धक्क्यावर गाड्यांच्या रांगेत गाडी उभी करून त्याने इंजिन बंद केलं. वारा होता. समोर पाणी राखाडी आणि बारीक सुरकुत्यांचं. त्याने कागदात गुंडाळलेली सँडविचं काढली, सकाळी तिनेच बांधलेली, आणि एक तिच्या मांडीवर ठेवलं. आतल्या कीलबासा सॉसेजचा लसणीचा वास गाडीभर झाला. तिने कागद उघडला नाही.

"तू ज्याच्याकडे जातोस तो गुडघ्याचा डॉक्टर," ती म्हणाली, "जर्सी सिटीतला. तो गुडघ्याचा नाही ना?"

त्याने घास चावून संपवला. मग म्हणाला, "नाही."

पुढचं तो सांगत गेला आणि ती पाण्याकडे बघत ऐकत गेली. फुप्फुसाच्या भोवतीच्या अस्तराला कॅन्सरने धरलंय. इंजिनघरातल्या पाइपांना पूर्वी पांढरं लोकरीसारखं ॲस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं, ते झडायचं, दुरुस्ती करताना बर्फासारखं अंगावर पडायचं, तरुणपणी बोटीवरची पोरं त्याचे गोळे एकमेकांना फेकून मारायची. ते तिला माहीत होतं. त्या पांढऱ्याने माखलेले कपडे तो दर दोन आठवड्यांनी घरी आणायचा आणि ती ते तळघरात झटकून मग मशीनमध्ये टाकायची. हे तिच्या मनात येतंय तोच तो म्हणाला की तूही एकदा छाती तपासून घे, कपडे तू धुवायचीस, माझ्या डोक्यातून ते जात नाही. उपाय आहेत, पण ते थोडं लांबवण्यापुरते. डॉक्टर म्हणतात उन्हाळा बरा जाईल. त्यापुढच्या हिवाळ्याचं ते बोलत नाहीत.

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"घर ठरलं की."

"घर ठरलं की," ती म्हणाली. तिला त्याला मारावंसं वाटलं. खरंच हात उचलला गेला आणि तो जाऊन त्याच्या बाहीवर पडला आणि तिथेच राहिला. कापडाच्या आत हात किती बारीक झाला होता.

"लोरी, तुला घाबरवून मग घर शोधलं असतं तर तू शोधूच दिलं नसतंस," एडमंड म्हणाला. "बेयॉनमध्ये मी नाही तर तुझं दुसरं वर्ष निघणार नाही. मी सगळ्या बाजूंनी करून पाहिलं. खालचं भाडं आलं तरी नाही. तो गोठवलेला कर आधी भरायला तरी पैसा हातात हवा ना. मग छप्पर गळेल, बॉयलर जाईल, आणि तू बर्नीच्या दाराशी जाऊन उभी राहशील. मला ते दिसतं. रोज दिसतं. बाकी मला यात काही करता येत नाही. डॉक्टर काय ते करतील. हे एवढं मला येतं."

तिला त्या दुपारचं सांगायचं होतं, जिन्यातलं. तोंड उघडलं आणि शब्द निघाले ते वेगळेच. मला नाही यायचं इथे, ती म्हणाली. मला इथे कुणी ओळखत नाही. त्यावर तो म्हणाला की ओळखतील, तू दोन दिवसांत सगळ्या रस्त्याला ओळखशील, तुझं मला माहीत नाही का. ती रडली नाही. मागच्या गाडीतली पोरं खाली उतरून समुद्रपक्ष्यांना पाव टाकत होती आणि पक्षी ओरडत होते. तिने सँडविच उघडलं आणि खाल्लं, सगळं खाल्लं. तिला स्वतःचंच नवल वाटलं की अशा वेळी भूक लागते, आणि मोहरी बरोबर पडलीय हेही जिभेला कळतं. समोर फेरी आली, गाड्या उतरायला लागल्या. तो इंजिनाचा आवाज ऐकत होता. दोन नंबरचं जरा अडखळतंय, असं म्हणाला. मग रांग हलली तेव्हा त्याने किल्ली फिरवली नाही, तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला उत्तर हवं होतं. तिला कळलं की तो उभं आयुष्य काढून दाराशी आलेला माणूस आहे आणि ती उंबऱ्यातून बाजूला होत नाहीये.

"ते आजचं घर नाही घ्यायचं," ती म्हणाली. "परवाचं, कोपऱ्यावरचं. ज्याच्या गॅरेजला खिडकी आहे ते."

तो म्हणाला की ते मोठं आहे, कर जास्त पडेल, एकटीला एवढं कशाला.

"दोघांसाठी घेणार असशील तर मी हो म्हणते. खिडकीखाली तुझं काम करायचं टेबल येईल. एकटीसाठी घेणार असशील तर मी बेयॉनमध्ये राहीन आणि तिथेच कर भरत मरेन. हे माझं शेवटचं."

मागच्याने भोंगा वाजवला. एडमंडने किल्ली फिरवली. बोटीवर गाडी जागेवर लावून हाताचा ब्रेक ओढताना तो म्हणाला, तू आडमुठी आहेस. त्याच्या आवाजात इतक्या दिवसांनी काहीतरी सैल झालं होतं. वर डेकवर वाऱ्यात दोघं कठड्याला धरून उभी राहिली आणि त्याने टेबलाची लांबी हाताने दाखवली.

जूनमध्ये ती दोघं डेलावेअरला आली. बेयॉनचं घर एका तरुण जोडप्याने घेतलं, त्यांना त्या कराचं काही वाटत नव्हतं, दोघं नदीपलीकडे मॅनहटनला कामाला जायची. बेकरीवाल्यांनी शेवटच्या दिवशी तिला जर्दाळूचा मुरंबा भरलेल्या पॉन्चकींची, पोलिश डोनट्सची, मोठी पेटी दिली. बर्नी सामानाच्या ट्रकमागे गल्लीच्या टोकापर्यंत चालत आली आणि तिथे थांबून, रडायचं सोडून, चालकाला वळण कसं घ्यायचं ते सांगू लागली. नव्या घरात पहिलं बसलं ते टेबल. सामान आणणाऱ्या माणसांना एडमंडने ते तीनदा हलवायला लावलं, उजेड डावीकडून यायला हवा म्हणून. मग तो टेबलाशी स्टुलावर बसला आणि दम लागला म्हणून तसाच बसून राहिला. त्याने हत्यारं भिंतीवर लावली. बाकी त्या टेबलावर त्याने फारसं काही केलं नाही. एक रेडिओ खोलला, तो पुढे तसाच खुला राहिला. पण रोज सकाळी तो तिथे जायचा, जसा कामावर जायचा, आणि ती दारातून कॉफी न्यायची.

तो उन्हाळा कसा गेला हे तिला पुढे नीट सांगता यायचं नाही. चांगला गेला असं म्हणायला तिला धजवत नसे. तिने त्याला जिन्यातलं वाक्य सांगितलं एकदा, शेंगा सोलताना. तो म्हणाला, कुठलं? मग म्हणाला, अगं ते खरंच होतं, मलाही बोटीवर बरं वाटायचं. आणि मग, शेंगेतले दाणे भांड्यात पाडत, खाली बघत म्हणाला की पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी घरी जायचे दिवस मोजायचो. एवढंच. ती उठून आत गेली आणि काही कारण नसताना नळ सोडून उभी राहिली. सप्टेंबरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. नाकाशी पारदर्शक नळी आणि मागे लांबच लांब दोर, घरभर सरपटणारा. तिचा पाय त्यात अडकायचा आणि ती चिडायची, आणि तो म्हणायचा, टगबोट मी आहे, दोर तू ओढतेस. बोलणं कमी झालं. शब्दांना हवा लागते हे तिला तेव्हा कळलं. पण ऑक्टोबरात कराचं पत्रक आलं तेव्हा त्याने ते मागून घेतलं, आकडा वाचला, दोनदा वाचला, आणि डोळे मिटून मागे टेकला. जणू त्याला कुणी घसरणीच्या काठावरून मागे ओढलं होतं. बघितलंस, असं तो म्हणाला. तिने बघितलं असं सांगितलं. आकडा खरंच लहान होता.

फेब्रुवारीत तो गेला. त्याला बेयॉनला नेलं, आपल्या चर्चमध्ये. मागच्या दारापर्यंत माणसं उभी होती. टगबोटीवरचे म्हातारे नेहमीपेक्षा जाड कोट घालून आले होते आणि जेवणाच्या टेबलावर एकाने सुरू केलं की दुसरा थांबायचा नाही. एडने नांगराच्या साखळीत अडकलेला कुत्रा सोडवला तो दिवस. एडने कप्तानाच्या कॉफीत मीठ घातलं तो. एड कसा गायचा, बेसूर, पण इंजिनापेक्षा मोठ्याने. लॉरेटा त्या सगळ्यांमध्ये बसली होती आणि तिला असं झालं होतं की तो आता बाहेरून हात पुसत येईल. कुणी काही सांगायला सुरुवात केली की चौघं ते पुरं करायचे. बर्नीने तिला गाडीने परत आणून सोडलं. निघताना म्हणाली, ये ना परत, माझ्याकडे राहा. दोघींना माहीत होतं की बर्नीचं घर वर-खाली दोन खोल्यांचं होतं आणि तिचाही कर तिला झेपत नव्हता. लॉरेटा म्हणाली, बघू.

पुढचं सगळं त्याने म्हटल्यासारखंच झालं. बर्फ पडला तेव्हा ती उठायच्या आत माणसं येऊन काढून गेली. रविवारी चर्चची पांढरी गाडी दाराशी येऊन हलका भोंगा वाजवायची. अर्ध्या पेन्शनमध्ये महिना निघायचा, थोडं उरायचंसुद्धा. न्हाणीघरातला दांडा योग्य उंचीवर होता. रस्त्यावर एकट्या बायका होत्या आणि त्या चांगल्या होत्या. दोन दिवसांत नाही, पण वसंत येईतो ती सगळ्यांना नावाने ओळखू लागली. तो कुठेच चुकला नव्हता. रात्री अंथरुणात ती त्याने काय चुकीचं धरलं होतं ते शोधायची, एखादी तरी गोष्ट, म्हणजे त्याच्याशी भांडता आलं असतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी ती पुढच्या वाफ्यात माती मोकळी करत होती. शेजारच्या ऑड्री बाई कुंपणाशी आल्या. त्यांनी आदल्या उन्हाळ्यात एकदा-दोनदा एडमंडला गॅरेजच्या दारात बसलेला पाहिला होता, नळी लावून, मांडीवर पांघरूण. त्या हवापाण्याचं बोलल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या की मला तुमच्या यजमानांची आठवण येते कधी कधी. किती नाजूक माणूस. किती शांत. त्यांचा आवाजसुद्धा मी कधी ऐकला नाही.

लॉरेटा खुरपं धरून उभी राहिली. नाजूक. ऑड्री बाईंच्या चेहऱ्यावर खरा जिव्हाळा होता आणि त्यामागे त्यांना आठवत असलेला माणूस तिला स्पष्ट दिसला, पांढरा, कृश, खुर्चीत बसलेला, जन्मापासून तसाच असल्यासारखा. या सबंध गावात, या राज्यात, एडमंड म्हणजे तेवढाच होता. दुसरा एडमंड फक्त तिच्याजवळ होता आणि त्याला पुरं करायला इथे चौघं नव्हते. हे त्याने धरलं नव्हतं. कुठल्याच खिडकीवर त्याला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

"नाजूक नव्हता हो तो," ती म्हणाली. "तुम्हाला सांगते. एकदा जानेवारीत, आमच्याकडे पाण्यावर बर्फाचे तुकडे होते, दोर तुटला आणि त्याच्या फटक्याने एक पोरगा पाण्यात गेला. एड इंजिनघरातून वर आला, तसाच, बनियनवर, आणि कठड्यावर पोट टाकून त्याने त्या पोराला एका हाताने कॉलरला धरला. एका हाताने. आणि सगळा वेळ पोलिशमध्ये शिव्या, इतक्या मोठ्याने की पलीकडे स्टेटन आयलंडला धक्क्यावरची माणसं बाहेर आली बघायला, आणि मग त्याने —"

ऑड्री बाईंच्या घरात ओव्हनची घंटी वाजली. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला, म्हणाल्या, माझा केक, आत्ता आलेच हं, आणि लगबगीने आत गेल्या. जाळीचं दार त्यांच्यामागे मिटलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. एकसारख्या छपरांवर ऊन पडलं होतं, कुठेतरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. लॉरेटा कुंपणाशी थोडा वेळ थांबली. मग त्या रिकाम्या अंगणाकडे तोंड करून, आवाज न वाढवता, तिने उरलेलं सांगितलं, की मग त्याने त्या पोराला वर ओढलं, आपल्या अंगाशी धरून ऊब येईपर्यंत इंजिनापाशी बसवून ठेवलं, आणि घरी आल्यावर दोन आठवडे मला त्यातलं काहीही सांगितलं नाही.